जिप्सीवर कॅमेरा बसवताना

ताडोबा-अंधारीच्या मोहर्ली, कोलारा, नवेगाव प्रवेशद्वारांतून आत जाणाऱ्या उघड्या जिप्सीतून चित्रीकरण करायचे असेल, तर एवढे लक्षात ठेवा :

■ जागा : बसण्याच्या बाकांमागचा लोखंडी दांडा सर्वांत भक्कम. क्लॅम्पखाली रबराची पट्टी घाला आणि त्याचा हात आखूड ठेवा. लांब हातावर प्रत्येक खड्ड्याचा झोल वाढतो. चालकाची नजर अडू देऊ नका.

■ दुसरी दोरी : कॅमेरा वेगळ्या दोरीने दांड्याला बांधा. वाटेत काही पडले तर उतरून उचलता येत नाही. सफारीत खाली उतरायला बंदी आहे.

■ शटर : सेकंदाला 25 फ्रेमसाठी 1/50 सेकंद हा नेहमीचा वेग. इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण चालू असेल तर तो वाढवा, नाहीतर धक्क्यांचा पुसटपणा चित्रात उरतो.

■ ऊन : चंद्रपूरचा उन्हाळा 45 अंशांपलीकडे जातो. काचेवरचा सक्शन कप सुटू शकतो, छोटे कॅमेरे तापून बंद पडतात. थांब्यावर ओला नव्हे, कोरडा पांढरा रुमाल टाका.

■ धूळ : पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. लेन्सची काच आधी ब्लोअरने झटका, मगच पुसा.

■ आवाज : माइकला केसाळ आवरण लावा. वाघापेक्षा आधी चितळ-वानरांचे इशारे ऐकू येतात. तेव्हा इंजिन बंद करायला सांगा.

■ नियम : ताडोबाच्या कोअर क्षेत्रात मोबाइलला बंदी आहे. ड्रोन परवानगीशिवाय नाही. गडचिरोलीतील चपराळा, भामरागड अभयारण्यांत जाण्यापूर्वी वनविभागाकडे विचारणा करा.