पुस्तकावर नाव कोणाचे?

एका गावात दूधवाले अण्णा राहतात. रोज सायकलीला कॅन बांधून ते डेअरीला दूध घालीत. दूध वाढले, गुडघे दुखू लागले. तेव्हा त्यांनी शेजारच्या गावातली एक जुनी मोटारसायकल पसंत केली. मालक म्हणाला, "पैसे द्या, किल्ली घ्या. स्टॅम्प पेपरवर लिहून देतो. गाडी तुमची!"

अण्णांनी गाडी गॅरेजात दाखवली. मिस्त्री म्हणाला, "अण्णा, इंजिन चांगलं आहे. पण किल्ली हातात आली म्हणून गाडी आपली होत नाही. पुस्तकावर नाव चढलं, म्हणजे आपली."

पुस्तक म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र, आरसी. आता ते कार्डाच्या रूपात मिळते. पण लोक त्याला पुस्तकच म्हणतात. त्यावर मालकाचे नाव, गाडीचा नंबर, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर असतो. चेसिस नंबर बहुधा हँडलखाली, सांगाड्याच्या मानेवर ठोकलेला असतो. फडक्याने ग्रीस पुसा. एकेक अक्षर, एकेक आकडा पुस्तकाशी जुळवा. नंबर घासलेला दिसला, तर ती गाडी घेऊ नका. ती चोरीची असू शकते.

पुस्तकावर बँकेचा बोजा आहे का, तेही पाहा. "कर्ज फिटलंय हो," एवढे तोंडी सांगणे पुरेसे नाही. बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ आरटीओ कचेरीत देऊन बोजा उतरवून घ्यावा लागतो. जुन्या मालकाचा दंड बाकी असेल, तर तो त्याला आधी भरायला सांगा.

आता नाव कसे चढवायचे? फॉर्म २९ वर विकणारा गाडी विकल्याचे कळवतो. फॉर्म ३० वर विकणारा आणि घेणारा, दोघांच्या सह्या लागतात. गाडी त्याच राज्यातली असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. गाडी परराज्यातली असेल, तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखलाही लागतो.

नाव चढले, तरी काही कामे उरतात.

विमा : विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणे गुन्हा आहे. पहिल्या वेळी २,००० रुपये दंड होतो. तुरुंगवासही होऊ शकतो. जुन्या मालकाचा विमा चालू असेल, तर खरेदीपासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून तो आपल्या नावावर करून घ्या.

पीयूसी : हा गाडीच्या धुराचा दाखला. त्याची मुदत संपली असेल, तर नवा काढा.

नंबरपाटी : १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना सुरक्षा पाटी बसवलेलीच मिळते. त्याआधीची गाडी असेल, तर पाटी बसवली आहे का ते पाहा.

गाडीचे वय : मोटारसायकलीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे गाडी तपासून घेऊन दर ५ वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते. मुदत संपलेली गाडी स्वस्त मिळते, पण हा खर्च किमतीत धरा.

अण्णांनी विचारले, "मिस्त्री, हा सगळा त्रास घेणाऱ्यालाच का?"

"नाही अण्णा. विकणाऱ्याला जास्त धोका आहे."

ते खरेच आहे. एका मोटारीचा असाच खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मोटार हातोहात अनेकदा विकली गेली, पण पुस्तकावर नाव पहिल्याच मालकाचे राहिले. पुढे तिचा अपघात झाला. भरपाई कोणी द्यायची? ज्याचे नाव पुस्तकावर आहे, तोच कायद्याने मालक, असा निकाल २०१८ साली लागला. मोटार विकून बसलेल्या माणसावर भरपाईचा भार आला.

अण्णांनी हे सारे मालकाला समजावून सांगितले. दोघे मिळून आरटीओ कचेरीत गेले. दारात एक एजंट म्हणाला, "तुम्ही नुसत्या सह्या करा. बाकीचं मी भरतो."

अण्णांनी खिशातून चष्मा काढला. "आण इकडे," ते म्हणाले, "आधी भर. मी वाचतो. मग सही करतो."

पूर्वी अण्णा अंगठा उठवीत. कोऱ्या फॉर्मवर सही करणे आणि न वाचता अंगठा उठवणे, यात फरक तो काय?