न्यूट्रलवर सोडलेली जबाबदारी

ठाणे जिल्ह्यातल्या आसनगाव, वासिंद किंवा खर्डी स्थानकाबाहेर सकाळी लावलेली गाडी एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळपर्यंत इतकी तापते, की स्टिअरिंगला हात लावता येत नाही. मुरबाडकरांना तर लोकलसाठी आधी कल्याण किंवा बदलापूर गाठावे लागते, आणि त्यांची गाडी दिवसभर तिथल्या उन्हात उभी राहते. अशा माणसाला मोटार ॲक्सेसरीजच्या दुकानात कोणी सांगितले, की खिशातले बटण दाबा, इंजिन आपोआप सुरू होईल, एसी लागेल आणि तुम्ही पोचेपर्यंत आत गारवा होईल, तर त्याला मोह पडणारच. रिमोट स्टार्टर म्हणतात ते हेच. ऑटोमॅटिक गाडीत ही सोय बऱ्यापैकी निर्धोक आहे. पण शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवरच्या गाड्या मुख्यतः मॅन्युअल, म्हणजे क्लच दाबून हाताने गिअर टाकायच्या. अशा गाडीत बाहेरून बसवलेला रिमोट स्टार्टर ही नुसती चैन राहत नाही. मॅन्युअल गाडी सुरक्षितपणे उभी करण्याचा नियम आणि ती दुरून सुरू करण्याची अट एकमेकांच्या विरुद्ध आहेत. हा विरोध वायरिंगने मिटत नाही, आणि त्यातून काही घडले तर त्याचा भार जवळजवळ पूर्णपणे मालकावर येतो.

आधी यंत्राचे पाहू. गाडीचे इंजिन फिरवायला जी विजेची मोटर असते, जिला गॅरेजमध्ये सगळेच ‘सेल्फ’ म्हणतात, तिच्यात बरीच ताकद असते. गाडी पहिल्या गिअरमध्ये असेल आणि क्लच दाबलेला नसेल, तर सेल्फ इंजिनाबरोबर गिअरबॉक्स आणि चाकेही फिरवतो. रेल्वे फाटकात बंद पडलेली गाडी गिअरमध्ये टाकून नुसत्या सेल्फवर रुळांबाहेर काढायची युक्ती जुन्या ड्रायव्हरांना ठाऊक होती, ती याच कारणामुळे. म्हणून अनेक नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, कारण क्लचच्या पेडलपाशी त्यासाठी एक स्विच असतो. रिमोटने गाडी सुरू करताना पेडल दाबायला आत कोणी नसते. मग दुकानातला वायरमन त्या स्विचच्या वायरी परस्पर जोडून टाकतो, म्हणजे क्लच कायम दाबलेलाच आहे असे गाडीला वाटत राहते. कंपनीने बसवलेला अडसर असा पहिल्याच दिवशी निकामी होतो. इंजिन एकदा धरले, की पुढची अडचण सुरू होते. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात आयडलिंग कॉम्प्युटर सांभाळतो. भार आला तर इंजिन बंद पडू नये म्हणून तो इंधन वाढवतो. गिअरमध्ये सुरू झालेली गाडी त्यामुळे एक हिसका देऊन थांबेलच असे नाही, ती चालत सुटू शकते.

ऑटोमॅटिक गाडीत हे का होत नाही, हेही समजून घ्यायला हवे. तिथे दांडा ‘पी’ किंवा ‘एन’वर नसेल तर सेल्फ फिरतच नाही. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानकात ही अट ऑटोमॅटिक गाड्यांसाठी फार पूर्वीपासून आहे. शिवाय ‘पी’वर गेल्यावर गिअरबॉक्समध्ये एक लोखंडी खिट्टी अडकते आणि चाके जखडली जातात. म्हणजे ऑटोमॅटिक गाडी ज्या स्थितीत सर्वांत घट्ट उभी असते, त्याच स्थितीत ती सुरू होते. मॅन्युअल गाडीचे नेमके उलटे आहे. चढावर गाडी लावताना पहिला गिअर, उतारावर रिव्हर्स आणि शिवाय हँडब्रेक, असे कोणतेही ड्रायव्हिंग स्कूल शिकवते, कारण गिअरमधले बंद इंजिन हा दुसरा ब्रेक असतो. रिमोट स्टार्टरला मात्र गाडी न्यूट्रलमध्ये हवी. म्हणजे सोय पाहिजे असेल तर रोज हा दुसरा ब्रेक स्वतःच्या हाताने काढून ठेवायचा, आणि एखाद्या दिवशी जुन्या सवयीने गिअर टाकून उतरलात, तर तीच सवय घातक ठरते. सुरक्षिततेची सवयच जिथे अपघाताचे कारण होते, तिथे ‘माणसाने लक्ष ठेवावे’ हे उत्तर पुरेसे नाही.

हा धोका सपाट, काँक्रिटच्या वाहनतळावर एक असतो आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी दुसराच. कसारा घाटाखालची गावे, डोळखांब-किन्हवलीचा भाग, टोकावडे-धसईपासून माळशेजकडे चढत जाणारा पट्टा इथे सपाट जागा सहज मिळत नाही. गाडी घराशेजारच्या उतारावर, मुरमाच्या आवारात किंवा पावसाळ्यात चिखलात उभी राहते. टायरखाली दगड लावण्याची इथली पद्धत उगाच पडलेली नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत हँडब्रेक मागच्या दोन चाकांना धरतो आणि इंजिन पुढची चाके ओढते. मुरमावर किंवा ओल्या गवतावर मागची चाके जखडलेली असूनही घसरू शकतात. बोलेरो किंवा स्कॉर्पिओसारख्या गाड्यांत ओढ मागच्या चाकांवर असते, त्यामुळे तिथे इंजिन आणि हँडब्रेक यांचा सामना एकाच ठिकाणी होतो. हँडब्रेकची केबल कालांतराने सैल होते आणि ब्रेकचे लायनर झिजतात, पण गाडी गिअरमध्येही ठेवलेली असली की ही झीज कळतच नाही. ती कळते न्यूट्रलमध्ये. त्यात अंगण हे इथे घराचाच भाग असते. मुले तिथेच खेळतात, म्हातारी माणसे तिथेच बसतात, भात कापणीनंतर पेंढा तिथेच रचला जातो. पेंढ्यावर उभी असलेली गाडी कोणी जवळ नसताना सुरू राहिली, तर तिचा तापलेला सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आग लावू शकतात. बंद शेडमध्ये ती सुरू राहिली, तर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड साचतो. हे दोन धोके ऑटोमॅटिकलाही चुकत नाहीत, पण आत माणूस असता तर निदान चावी फिरवून इंजिन बंद झाले असते.

यावर जाणकार वायरमन म्हणेल, की चांगल्या किटमध्ये यावर तोड आहे. ती तोड अशी: गाडी उभी करताना इंजिन सुरू ठेवून न्यूट्रल करायचे, हँडब्रेक ओढायचा, चावी काढायची, उतरून दार लावायचे आणि मग रिमोटने इंजिन बंद करायचे. इंजिन सुरू असताना क्लच सोडून माणूस खाली उतरला, म्हणजे गाडी न्यूट्रलमध्येच असणार, हा त्यातला तर्क. त्यानंतर एकही दार उघडले तर किट स्वतःला रद्द करते. युक्ती हुशारीची आहे, पण ती गिअर कुठे आहे हे पाहत नाही. दार उघडले नाही, म्हणून गिअर हलला नसेल, असा केवळ अंदाज ती बांधते. तो अंदाज दाराच्या चौकटीतल्या एका छोट्या स्विचवर उभा आहे. धूळ, चिखल, चार महिन्यांचा पाऊस आणि वायर कुरतडणारे उंदीर यांच्यापुढे तो स्विच वर्षानुवर्षे खरे बोलेल, याची हमी कोणी देत नाही. उघड्या काचेतून आत हात घालून एखाद्या पोराने दांडा हलवला, तर दार उघडतच नाही. आणि रोजची ही पायऱ्यांची कवायत कंटाळवाणी वाटून गिऱ्हाइकानेच ती काढून टाकायला सांगितली, की उरते ते निव्वळ दैव.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ह्युंदाई, किया यांसारख्या कंपन्यांनी आपल्याकडच्या काही मॅन्युअल मॉडेलांतही ही सोय कारखान्यातूनच दिली आहे, मग ती इतकी वाईट कशी? इथे फरक यंत्रणेत आहे, तसाच उत्तरदायित्वातही आहे. कारखान्यातून आलेली सोय गाडीच्या मूळ कॉम्प्युटरशी जोडलेली असते, गाडी ठरलेल्या स्थितीत नसेल तर ती नकार देते, तिचे नियम मालकाच्या पुस्तिकेत छापलेले असतात आणि ती वाहनाबरोबरच मंजूर झालेली असते. ती फसली तर विचारायला कंपनी असते. बाजारातले किट बसवताना मात्र क्लचचा अडसर काढला जातो. इमोबिलायझरला, म्हणजे खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, चकवण्यासाठी चिप असलेली दुसरी चावीच डॅशबोर्डखाली लपवली जाते. उद्या गाडी चोरीला गेली आणि विमा कंपनीने नेहमीप्रमाणे दोन्ही चाव्या मागितल्या, तर दुसरी चावी चोराबरोबर गेलेली असेल. कारखान्यातली सोयही उतारावर वापरू नये असेच मी म्हणेन, कारण तिथेही दुसरा ब्रेक सोडावाच लागतो. तरी दोन्हींना एकाच मापाने मोजता येत नाही.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील, कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले, आणि परवानगी नसलेला सुटा भाग बसवून बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. यावर असा युक्तिवाद होऊ शकतो, की रिमोट स्टार्टरने इंजिन क्रमांक, इंधन, आसनसंख्या यांतले काहीच बदलत नाही. तो युक्तिवाद कमकुवत नाही. पण फारसे कोणी न वाचलेले कलम १२६ त्याच्या आड येते. सार्वजनिक ठिकाणी वाहन उभे ठेवायचे तर चालकाच्या जागी परवानाधारक माणूस हवा. नाहीतर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला हवा, किंवा चालकाच्या गैरहजेरीत वाहन चुकूनही हलणार नाही असे इतर उपाय केलेले हवेत, असे ते सांगते. बैल जुंपलेली गाडी बाजारात एकटी सोडू नये, तसाच हा नियम आहे. बचावात कोणी ‘इतर उपाय’ या शब्दांचा आधार घेईल. पण न्यूट्रल आणि एक हँडब्रेक एवढ्यावर, तेही इंजिन सुरू असताना, वाहन हलणार नाही अशी खात्री झाली, असे न्यायालयाला पटवणे कठीण आहे. ब्रिटनमध्येही रस्त्यावर इंजिन सुरू ठेवून वाहन सोडून जायला १९८६ च्या नियमांनी मनाई आहे.

कलम १२६ चा दंड शेकड्यांत मोजावा इतका किरकोळ आहे. खरी किंमत अपघातानंतर कळते. गाडीत चालकच नव्हता, मग मोटार अपघाताचा दावा कसा, ही पळवाट महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात बंद झाली आहे. १९८७ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळ ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा टँकर रस्त्याखाली उलटला. काही तासांनी त्याचा स्फोट होऊन जमलेली माणसे दगावली. टँकर तेव्हा चालतच नव्हता, असा बचाव झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो फेटाळला आणि ‘वाहनाचा वापर’ यात उभे असलेले वाहनही येते, असे ठरवले. जो कायदा उलटलेल्या टँकरला लागू पडतो, तो मालकाने बटण दाबून सुरू केलेल्या गाडीला न लागण्याचे कारण नाही. खासगी आवाराची ढालही भक्कम नाही. लोकांना मुक्त किंवा नियंत्रित प्रवेश असलेली खासगी जागाही विम्याच्या दृष्टीने सार्वजनिक ठिकाण ठरते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८० च्या दशकात म्हटले. शहापूरचे रिसॉर्ट, मुरबाडचे मंगल कार्यालय, पेट्रोल पंप ही त्याची जवळची उदाहरणे. जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आहे, आणि यंत्राबाबतच्या निष्काळजीपणासाठी कलम २८९ आहे. ही कलमे आवार कोणाचे हे विचारत नाहीत.

विमा आहेच, असे म्हणणाऱ्यांनी त्याचे तीन कप्पे वेगळे करून पाहावेत. तिसऱ्या पक्षाला, म्हणजे धडक बसलेल्या परक्या माणसाला, विमा कंपनीने भरपाई द्यावी अशीच कायद्याची रचना आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या नव्या कलम १६४ नुसार चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर इजेसाठी २.५ लाख रुपये मिळतात. दुसरा कप्पा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. विमा कंपनीला न कळवलेला बदल आणि तोडलेली वायरिंग दिसली, की तो दावा अडकतो. तिसरा कप्पा सर्वांत दुर्लक्षित आहे. मालकाचा सक्तीचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा गाडी चालवताना, तिच्यातून प्रवास करताना किंवा चढता-उतरताना लागू होतो. फाटक उघडायला गाडीसमोर उभ्या असलेल्या मालकालाच स्वतःच्या गाडीने चिरडले, तर तो तिसरा पक्षही नाही आणि चालकही नाही. रिमोट स्टार्टरच्या अपघातात जी व्यक्ती गाडीच्या सर्वांत जवळ असण्याची शक्यता आहे, तिच्यासाठीच विम्याचे छत्र सर्वांत तोकडे आहे. किट विकणाऱ्यावर आणि बसवणाऱ्यावर दावा करता येतो, कारण ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. पण कलम ८७ मध्ये उत्पादनाचा गैरवापर किंवा त्यात फेरफार झाला असेल तर विक्रेत्याला सूट आहे. शिवाय बिलाविना रोखीने केलेल्या कामात किट कोणी बसवले, हे सिद्ध करण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

शेवटी गरजेचा प्रश्न. रिमोट स्टार्टर रुळला तो उणे तापमानाच्या देशांत, जिथे काचेवरचे बर्फ वितळवणे आणि इंजिन उबवणे ही रोजची निकड आहे. ठाण्याच्या ग्रामीण भागात त्याचा फायदा फक्त चार मिनिटांच्या गारव्याचा. काचा खाली करून दारे क्षणभर उघडी ठेवली आणि गाडी निघाल्यावर एसी लावला, तर तेवढे काम भागते. म्हणून मॅन्युअल गाडीत बाजारातले किट बसवू नये. आधीच बसवले असेल तर क्लचचा स्विच मूळ स्थितीत जोडून घ्यावा, लपवलेली चावी घरी आणावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. कारखान्यातून सोय आलेली असेल तर ती सपाट, मोकळ्या आणि नजरेच्या टप्प्यातल्या जागीच वापरावी. उतारावर गिअर, हँडब्रेक आणि दगड ही जुनीच व्यवस्था ठेवावी. परिवहन विभागानेही विक्रीवर नजर ठेवायला हवी. गिअरची स्थिती प्रत्यक्ष तपासणारा सेन्सर नसलेले किट मॅन्युअल गाडीत बसवायला मनाई करावी, आणि बसवणाऱ्याचे नाव बिलावर सक्तीचे करावे. तोवर बटण दाबणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे: गाडीत नसला तरी कायद्याच्या लेखी त्या क्षणी तिची जबाबदारी त्याच्याच अंगावर असते.