खरेदी आणि उपार्जन : रायपूरच्या धान-व्यवहारातील पायऱ्या

‘प्रोक्युअरमेंट’ या संज्ञेला मराठीत सामान्यतः ‘खरेदी’ हा प्रतिशब्द योजला जातो. प्रकल्प-व्यवस्थापनाच्या शास्त्रात मात्र ही संज्ञा एका सौद्याची नसून गरजेची निश्चिती, पुरवठादाराची निवड, करार, मालाची तपासणी व स्वीकृती आणि हिशेबाची पूर्तता अशा पायऱ्यांच्या मालिकेची वाचक आहे.

2000 साली स्थापन झालेल्या छत्तीसगढ राज्याच्या हिंदी शासनव्यवहारात याच प्रक्रियेला ‘उपार्जन’ म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द कमाईच्या अर्थाने परिचित आहे. त्यामुळे ‘धान उपार्जन केंद्र’ ही पाटी त्याला काहीशी बुचकळ्यात टाकते. संस्कृतातील ‘मिळविणे, संपादन करणे’ हा व्यापक अर्थ येथे अभिप्रेत आहे.

रायपूर परिसरातील व्यवहार पाहता या व्यापकतेचे प्रयोजन कळते. हंगामापूर्वी शेतकऱ्याची व त्याच्या क्षेत्राची नोंदणी होते. बारदानाची तजवीजही आधीच करावी लागते. एकरी मर्यादा ठरते. 2023-24 च्या हंगामात ती 21 क्विंटल होती. टोकन मिळालेल्या दिवशी शेतकरी प्राथमिक सहकारी समितीच्या केंद्रावर धान आणतो. ओलावा 17 टक्क्यांच्या आत असल्यास 40 किलोच्या कट्ट्यांत वजन होते आणि रक्कम बँकेच्या खात्यात जमा होते. ‘खरेदी’ या शब्दाची मर्यादा येथे संपते.

प्रक्रिया मात्र संपलेली नसते. गिरणीमालकाने धान उचलून प्रतिक्विंटल 67 किलो अरवा किंवा 68 किलो उसना तांदूळ शासनाकडे भरावयाचा असतो. उचल लांबली की उघड्यावरील धान सुकते व वजन घटते. या घटीला तेथे ‘सूखत’ म्हणतात. शेतकऱ्याचा हिशेब मिटलेला असतो. समितीचा उघडाच राहतो, आणि तूट कोणी सोसावी हा वाद तेथूनच उद्भवतो.

भंडारा-गोंदिया भागातील ‘आधारभूत खरेदी केंद्रां’वरही भरडाईपर्यंतचा क्रम बहुतांशी असाच आहे, नाव मात्र केवळ सौद्याचे आहे. प्रतिशब्दाची निवड ही निव्वळ कोशकाराची बाब नव्हे. शब्द जेथे थांबतो, तेथेच पुष्कळदा जबाबदारीही थांबल्याचे मानले जाते. म्हणून संपूर्ण मालिकेसाठी ‘खरेदी-प्रक्रिया’ आणि तिच्यातील एका पायरीसाठी ‘खरेदी’, असा भेद मराठीने पाळणे इष्ट होय.