व्हायरस बांधावर नाही, काडीत

'बांधावरच्या गवतातूनच बागेत व्हायरस येतो.' द्राक्षपट्ट्यात हे वाक्य इतक्या ठामपणे फेकलं जातं की ऐकणारा थेट तणनाशकाचा पंप पाठीला लावतो. गाजरगवत जळतं, हरळी पिवळी पडते आणि पुढच्या हंगामात त्याच वेलींच्या पानांच्या कडा पुन्हा खाली वळतात.

वळणारच. लीफरोल रोगामागचा मुख्य विषाणू, लीफरोल-3, निसर्गात द्राक्षवेल आणि तिचे सख्खे रानटी भाऊबंद यांच्यातच राहतो. कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात बागेबाहेर तो सापडला, तोही रानटी द्राक्षवेलींत. 2011 साली ते प्रसिद्ध झालं. महाराष्ट्रातल्या द्राक्षांतही या विषाणूची नोंद आहे. पण आपल्या बांधावर रानटी द्राक्ष कुठे आहे? हा रोग कलमातून पसरतो हे जर्मनीत 1930च्या दशकातच दिसलं होतं. तरीही शेजाऱ्याच्या बागेतली काडी न तपासता आणायची आणि शिव्या गाजरगवताला द्यायच्या!

मग पिठ्या ढेकणाचं काय? तो तणावर जगतो हे खरं, आणि त्यासाठी बाग स्वच्छ ठेवायलाच हवी. पण लीफरोल पसरवणाऱ्या ढेकणालाही विषाणू आधी रोगट वेलीतूनच घ्यावा लागतो, आणि तो त्याच्या अंगात काही दिवसच टिकतो. तणावर वाढलेला ढेकूण त्रासदायक असेल, विषाणूवाहक नव्हे. उलट जमिनीखाली कुणी बघत नाही. न्यूझीलंडमध्ये वेली काढून 4 वर्षं झाल्यावरही मागे राहिलेल्या जिवंत मुळांत लीफरोल-3 मिळाला.

तण सगळ्याच विषाणूंच्या बाबतीत निर्दोष आहे, असंही नाही. पंजापान रोगाचा (फॅनलीफ) विषाणू इराणमध्ये चक्क हरळीत आढळला आहे. मात्र तो मातीतून पसरवायला मुळांवर जगणारा ठरावीक सूत्रकृमी लागतो. हे कॅलिफोर्नियात 1958 साली सिद्ध झालं. हरळीवर औषध मारून सूत्रकृमी मरत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. डावणी-भुरीच्या औषधाने विषाणू जात नाही, ती बुरशीसारख्या रोगांची औषधं आहेत. छाटणीच्या कात्रीने लीफरोल पसरत नाही. खुंटाची पानं हिरवीगार आहेत म्हणून तो निरोगी ठरत नाही. अमेरिकी खुंट लक्षणं न दाखवता विषाणू बाळगतात. आणि विषाणू लागलेल्या वेलीची द्राक्षं खाल्ल्याने माणसाला काहीही होत नाही.

नवी लागण करणार असाल तर मातृवेलीचा प्रयोगशाळेतला अहवाल मागा. रोपवाटिकावाला तो देत नसेल तर काडी घेऊ नका.