पीएच्.डी.-उत्तर संशोधक : रजा व सेवासमाप्ती

पीएच्.डी. पदवी मिळाल्यानंतर विद्यापीठात किंवा संशोधनसंस्थेत ठराविक मुदतीसाठी पूर्ण वेळ संशोधन करणाऱ्या व्यक्तीस पीएच्.डी.-उत्तर संशोधक म्हणतात. ही व्यक्ती विद्यार्थी नसते आणि कायम सेवेतील अध्यापकही नसते. तिची रजा व सेवासमाप्ती यांविषयीचे बहुतेक प्रश्न या मधल्या स्थितीतून उद्‌भवतात.

नेमणुकीचे स्वरूप : परदेशांतून परतणाऱ्या शास्त्रज्ञांना तात्पुरते काम मिळावे, म्हणून १९५८ मध्ये सुरू झालेली शास्त्रज्ञ-पूल योजना हे भारतातील अशा नेमणुकीचे एक जुने उदाहरण होय. तिचे व्यवस्थापन वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे होते. पुढे या नेमणुकांचे दोन मुख्य प्रकार रूढ झाले. पहिल्यात संशोधकास स्वतःच्या नावे अधिछात्रवृत्ती मिळते. दुसऱ्यात एखाद्या अध्यापकाच्या अनुदानित प्रकल्पावर ‘संशोधन सहयोगी’ म्हणून त्याची नेमणूक होते. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १ जानेवारी २०२३ पासून संशोधन सहयोगींच्या तीन श्रेणींना दरमहा अनुक्रमे ५८,०००, ६१,००० व ६७,००० रुपये विद्यावेतन ठरवून दिले; घरभाडे भत्ता त्याहून वेगळा. या व्यवस्थेत पैसा एका संस्थेचा असतो, काम दुसऱ्या संस्थेत चालते आणि देखरेख मार्गदर्शकाची असते. साहजिकच रजेविषयी मतभेद झाल्यास निर्णयाची जबाबदारी कोणाची, हे पुष्कळदा संदिग्ध राहते.

रजा : वरील विभागाच्या निर्देशांनुसार कनिष्ठ व वरिष्ठ संशोधन अधिछात्रांना केवळ नैमित्तिक रजा मिळते, संशोधन सहयोगींना मात्र ते ज्या संस्थेत काम करतात तिच्या नियमांप्रमाणे रजा मिळते. प्रसूती रजा सर्व श्रेणींना लागू आहे. विज्ञानपरिषदेस उपस्थित राहणे हे कर्तव्यकाळातच धरले जाते. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९७२ च्या रजा नियमांत प्रसूती रजेची मर्यादा २००८ मध्ये १३५ दिवसांवरून १८० दिवसांवर नेण्यात आली. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमातील १२ आठवड्यांची मर्यादा २०१७ च्या दुरुस्तीने, पहिल्या दोन अपत्यांपुरती, २६ आठवडे झाली. या अधिनियमातील तरतुदी पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हीत समाविष्ट झाल्या व ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आली.

रजा आणि मुदत : मुदतबंद नेमणुकीत रजेचे दिवस मुदतीतूनच वजा होतात. कायम कर्मचारी रजेवरून परतला म्हणजे त्याचे काम पुढे चालू राहते. दोन वर्षांच्या अधिछात्रवृत्तीतील सहा महिने गेले, तर संशोधनाचा चौथा हिस्सा जातो. क्षेत्रीय संशोधनात ही हानी याहूनही मोठी असते. रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्याचे उदाहरण घेता येईल. तेथील जांभ्या दगडाच्या सड्यांवर गेंद, सीतेची आसवे यांसारख्या अल्पायुषी वनस्पती पावसाळ्यात उगवतात, फुलतात आणि पाऊस सरल्यावर वाळून जातात. या वनस्पतींच्या अभ्यासकास दोन वर्षांत दोनच हंगाम लाभतात. प्रसूती रजा पावसाळ्यात आली, तर रजा सहा महिन्यांची असली तरी निरीक्षणाचे एक पूर्ण वर्ष हातचे जाते. राजापूरजवळ उन्हाळे येथे अधूनमधून प्रकट होणाऱ्या गंगेचा अभ्यास तर दोन वर्षांच्या मुदतीत होईलच, अशी शाश्वती देता येत नाही. ती साधारणतः तीन वर्षांनी येते असा समज असला, तरी तिचे आगमन अनियमित आहे. म्हणून रजा मंजूर होणे जितके महत्त्वाचे, तितकेच रजेइतकी मुदत वाढवून मिळणे महत्त्वाचे ठरते.

पीएच्.डी.च्या विद्यार्थिनींबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने ही गोष्ट काही अंशी ओळखली आहे. २०१६ च्या व नंतर २०२२ च्या विनियमांत त्यांना संपूर्ण अभ्यासकाळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा देण्याची तरतूद असून प्रबंधाच्या कमाल मुदतीतही सवलत आहे. पदवी मिळताच मात्र हे संरक्षण संपते आणि संशोधिकेचे हक्क तिच्या नेमणूकपत्रातील अटींवर अवलंबून राहतात.

नेमणुकीची मुदत संपल्यावर प्रसूती लाभाचे काय होते, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये महत्त्वाचा निर्णय दिला. दिल्लीतील एका शासकीय रुग्णालयातील मुदतबंद महिला डॉक्टरचा करार रजा सुरू झाल्यानंतर थोड्याच दिवसांत संपत होता व तेवढ्याच दिवसांचा लाभ तिला देण्यात आला होता. कराराची मुदत संपली तरी २६ आठवड्यांचा पूर्ण लाभ दिला पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. या निर्णयाने आर्थिक लाभ सुरक्षित झाला. पदाची मुदत मात्र त्याने वाढत नाही.

सेवासमाप्ती : मुदत संपणे, प्रकल्पाचे अनुदान थांबणे, राजीनामा व असमाधानकारक काम ही सेवासमाप्तीची प्रमुख कारणे होत. मुदत संपली म्हणजे नेमणूक आपोआप संपते. तिला बडतर्फी समजले जात नाही. अन्य बाबतींत नेमणूकपत्रातील पूर्वसूचनेची अट लागू होते. निघताना प्रयोगवह्या, उपकरणे व ग्रंथ परत करून ना-देय प्रमाणपत्र घ्यावे लागते. शिल्लक अर्जित रजेचे रोखीकरण व उपदान हे कायम सेवकाचे लाभ अधिछात्रास सामान्यतः मिळत नाहीत.

दाद मागण्याचे मार्गही मर्यादित आहेत. गोव्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये, शिक्षक हे औद्योगिक विवाद अधिनियमाच्या अर्थाने ‘कामगार’ नव्हेत, असा निर्णय दिला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ याखाली सेवेतून काढलेल्या कर्मचाऱ्यास विद्यापीठ व महाविद्यालयीन न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. तथापि विद्यावेतन घेणारा अधिछात्र ‘कर्मचारी’ या संज्ञेत बसतो का, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो.

अन्य देशांतील व्यवस्था : जर्मनीत २००७ च्या अधिनियमाने पीएच्.डी.नंतरच्या मुदतबंद नेमणुकांना सहा वर्षांची, वैद्यकशास्त्रात नऊ वर्षांची, मर्यादा घातली. मात्र अपत्य असल्यास प्रत्येकी दोन वर्षांची वाढ मिळू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील पीएच्.डी.-उत्तर संशोधकांच्या संघटनेने २०१० मध्ये विद्यापीठाशी पहिला सामूहिक करार केला. त्यात वैयक्तिक रजा, आजारपणाची रजा व सेवासमाप्तीची पूर्वसूचना यांचे नियम ठरले. या दोन्ही उदाहरणांत संशोधकाचे हक्क मार्गदर्शकाच्या मर्जीवर न राहता लेखी नियमांत आले. भारतातही रजेचा काळ नेमणुकीच्या मुदतीत न मोजण्याचा नियम नेमणूकपत्रातच नमूद झाल्यास, मुदतबंद संशोधकाला मिळणारी रजा खऱ्या अर्थाने रजा ठरेल.