धूळ पकडावी कोठे?

शाळेच्या वाटेवर एखाद्या इमारतीचे बांधकाम चालू असेल, तर तेथून जाताना तुम्ही नाकाला रुमाल लावत असाल. शेजारच्या घरांत पुसलेल्या टेबलावर तासाभरात पुन्हा पांढुरका थर बसतो. पावसाळ्यात त्याच जागेतून लाल चिखलाचे पाणी रस्त्यावर येते आणि गटारात शिरते. घरे, शाळा, दवाखाने तर बांधलीच पाहिजेत. मग त्यांची धूळ शेजाऱ्यांच्या छातीत आणि त्यांचा गाळ शहराच्या नाल्यात जाऊ नये, यासाठी काय करता येईल? याचे उत्तर शोधण्यासाठी आधी एक साधा प्रश्न विचारू या: धुळीचा कण खाली पडायला किती वेळ लागतो?

लहान कण इतका रेंगाळतो का?

समजा, दहाव्या मजल्यावर, म्हणजे जमिनीपासून सुमारे ३० मीटर उंचीवर, गवंडी फरशी कापत आहे. कापताना दगडाचे लहानमोठे कण उडतात. हवा अगदी स्थिर आहे असे मानू. १०० मायक्रॉन जाडीचा कण (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सुमारे एका मिनिटात जमिनीवर येईल. १० मायक्रॉनचा कण? त्याला सुमारे एक तास लागेल! आणि २·५ मायक्रॉनच्या कणाला सोळा-सतरा तास! आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. यावरून हे कण किती बारीक असतील याची कल्पना करा.

असे का होते? कणाचा व्यास निम्मा केला, तर त्याचे घनफळ व वजन आठपट कमी होते. परंतु त्याच वेगाने पडताना हवेचा विरोध मात्र दुपटीनेच कमी होतो. खाली ओढणारे बल फार घटले, अडवणारे बल त्या मानाने थोडेच घटले. म्हणून बारीक कणांच्या बाबतीत व्यास निम्मा झाला की पडण्याचा वेग चौथाई होतो.

प्रत्यक्षात हवा कधीच इतकी स्थिर नसते. ताशी १० किलोमीटर वेगाचा मंद वारा असला, तरी तासभर तरंगणारा तो कण तेवढ्या वेळात १० किलोमीटर दूर गेलेला असेल. म्हणजे डोळ्यांत खुपणारी जाड धूळ बांधकामाजवळच पडते. डोळ्यांना न दिसणारी धूळ मात्र गावभर फिरते.

हीच न दिसणारी धूळ अधिक घातक असते. जाड कण नाकातील केसांत व ओलाव्यात अडकतात. १० मायक्रॉनहून लहान कण त्यापलीकडे जाऊ शकतात आणि त्यांतले सर्वांत बारीक फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत पोचतात. वाळू, काँक्रीट व अनेक दगडांत स्फटिकरूप सिलिका असते. तिची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली, तर फुफ्फुसे आतून घट्ट व निबर होतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. तो टाळता मात्र येतो. त्याचा पहिला धोका फरशी कापणाऱ्याला, खडी फोडणाऱ्याला आणि घमेली वाहणाऱ्या बिगाऱ्यांना असतो. तोंडाला बांधलेल्या फडक्याच्या विणीतून हे बारीक कण सहज आत जातात.

पाणी आधी की नंतर?

आता उपायाकडे वळू. एकदा हवेत पसरलेला बारीक कण परत गोळा करणे जवळजवळ अशक्य असते. पण तो सुटण्यापूर्वी त्याला धरून ठेवणे सोपे असते. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो, कोरड्या वाळूचा राहत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. दोन कणांमधले पाण्याचे पातळ पटल त्यांना एकमेकांस चिकटवते. शेकडो बारीक कण मिळून एक जड ढेकूळ बनते, आणि ते उडत नाही. म्हणून राडारोड्याचा ढीग उचलण्याआधी भिजवावा, नंतर नव्हे. फरशी कापण्याच्या यंत्राच्या पात्यावरच पाण्याची धार सोडावी.

उडालेल्या धुळीवर पाणी मारले तर? मोठा थेंब पडताना पुढची हवा बाजूस सारतो आणि हलका कण त्या हवेबरोबर बाजूला निसटतो. थेंब कणाच्या आकारमानाजवळ जाईल इतका बारीक असला, तर गाठ पडण्याचा संभव वाढतो. म्हणूनच धुके पाडणारी यंत्रे वापरतात. नळीने पाण्याचा फवारा उडवून ते काम होत नाही.

मुंबईत हवा फार बिघडल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये महानगरपालिकेने बांधकामांसाठी नियम जाहीर केले. ७० मीटरहून उंच इमारतीभोवती निदान ३५ फूट उंच पत्र्यांचे कुंपण हवे. इमारत ओल्या हिरव्या कापडाने किंवा गोणपाटाने झाकलेली हवी. पाणी फवारत राहावे. माल नेणारी वाहने झाकलेली असावीत आणि बाहेर पडण्यापूर्वी त्यांची चाके धुवावीत, असे त्यांत सांगितले आहे. तुम्ही विचाराल, ७० मीटर उंच इमारतीला ३५ फुटांचे, म्हणजे जेमतेम ११ मीटरचे कुंपण कसे पुरेल? वाळूचे ढीग, खोदाई आणि डंपरची ये-जा ही सारी जमिनीवरच असते. तेथला वारा कुंपणाने मंदावतो. वरच्या मजल्यांसाठी कापड असते. आणि चाके का धुवायची? चाकांचा चिखल रस्त्यावर सांडतो, वाळतो, आणि येणारी-जाणारी प्रत्येक मोटार त्याचे पीठ करून पुन्हा उडवते.

पावसाळ्यातला तोच कण

पाऊस आला की धूळ बसते खरी, पण तोच कण आता पाण्यातून प्रवासाला निघतो. पाण्यातही नियम तोच आहे. एक मीटर खोल स्थिर पाण्यात १०० मायक्रॉनचा वाळूचा कण दोन-तीन मिनिटांत तळाला जातो, १० मायक्रॉनचा सुमारे तीन तासांत, आणि २ मायक्रॉनचा चिकणमातीचा कण जवळजवळ तीन दिवसांत.

म्हणून चिखलाचे पाणी सरळ गटारात न सोडता आधी एका रुंद खड्ड्यात थांबवतात. तेथे गाळ खाली बसतो आणि वरचे निवळ पाणी काठावरून बाहेर जाते. पण या खड्ड्याला मर्यादा आहे. हिशेब करून पाहा. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. बांधकामाची जागा १,००० चौरस मीटर असेल आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५०,००० लिटर पाणी जमेल. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर! ते तीन तास थांबवायचे आणि पाऊस तसाच चालू राहिला, तर खड्डा दीड लाख लिटरांचा हवा. चिकणमाती तर त्यातही बसणार नाही. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की बारीक कणांचे पुंजके होऊन ते लवकर बसतात. हाच उपाय येथेही करता येतो. पण सर्वांत स्वस्त उपाय त्याच्याही आधीचा आहे. मातीचे ढीग ताडपत्रीने झाकावेत, आणि बाहेरचे पाणी आत येऊ नये म्हणून भोवती चर खणावा. कण सुटलाच नाही, तर त्याला बसवण्याची पाळी येत नाही.

सिमेंट कालवण्याची यंत्रे धुतलेल्या पाण्याचे मात्र निराळे आहे. त्यात विरघळलेला चुना असतो आणि तो कितीही वाट पाहिली तरी तळाशी बसत नाही. हे पाणी तीव्र अल्कधर्मी असते; कामगारांच्या हातापायांना ते भाजते आणि ओढ्यातल्या माशांना ते मारक ठरते. त्यासाठी वेगळी टाकी ठेवून तेच पाणी पुन्हा धुण्यासाठी वापरावे.

करून पाहा

काचेच्या उंच बरणीत मूठभर बागेतली माती घ्या, पाणी भरा, झाकण लावून जोराने हलवा आणि बरणी खिडकीत ठेवा. एक मिनिट, एक तास आणि एक दिवस झाल्यावर थरांची उंची व पाण्याचा रंग वहीत लिहा. दुसऱ्या बरणीत तसेच करून तुरटीचा खडा दहा वेळा फिरवा आणि दोन्हींची तुलना करा.

मग बांधकामाजवळून जाताना रस्त्यावरूनच नीट पाहा. ढीग झाकलेले आहेत का? फरशी कोरडी कापतात की ओली? बाहेर पडणाऱ्या डंपरची चाके स्वच्छ आहेत का? उत्तर नाही असे आले, तर घरी व शाळेत मोठ्या माणसांना ते कारणांसह सांगा. हा नियम का केला आहे, हे आता तुम्हाला समजावून सांगता येईल.