कापूस की रुई? दिग्रसच्या बाजारातले शब्द

- पऱ्हाटी : शेतात उभं झाड. पुस्तकी मराठीत कपाशी. वेचणीनंतर वाळलेल्या काड्याही पऱ्हाटीच, चुलीत जातात.
- पाती, फूल, बोंड : याच क्रमाने. बोंड उकललं की वेचा.
- कापूस : वेचलेला, सरकीसकट. भाव क्विंटलवर, म्हणजे 100 किलोवर.
- रुई : जिनिंगमध्ये सरकी काढल्यावर उरते ती. क्विंटलभर कापसातून साधारण 33 ते 36 किलो. भाव खंडीवर, खंडी सुमारे 356 किलोची. कापसाचा आणि रुईचा भाव शेजारी ठेवून तुलना होत नाही.
- गाठ : दाबून बांधलेली रुई, 170 किलो.
- सरकी : बी. तेल निघतं, उरलेली ढेप जनावरांना.

इथे प्रत्येकाला वेगळा शब्द; स्पॅनिशमध्ये मात्र झाड, तंतू आणि सुती कापड तिन्हींना ‘आल्गोदोन’ चालतं. मूळ अरबी ‘कुत्न’.